काय गिळलं ते लाजू नका, सांगा

आमची राणी तीन दिवस ओकत होती. गावठी कुत्री, 4 वर्षांची, अंगानं दणकट. आम्हाला वाटलं, शिळंपाकं काहीतरी खाल्लं असेल. डॉक्टरांनी विचारलं, "घरातलं काही गिळलंय का?" आम्ही सगळ्यांनी छातीठोकपणे "नाही" म्हटलं. त्या उत्तरावर भरवसा ठेवून त्यांनी उलटी थांबवायचं औषध दिलं. तिसऱ्या रात्री सुट्टीला आलेली माझी भाची स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "मावशी, परवा न्हाणीघरातली कचऱ्याची पिशवी राणीनं फाडली होती. माझं पॅड त्यात नव्हतं." काका आणि आजोबांसमोर हे बोलायचं कसं, म्हणून ती पोर इतके दिवस गप्प होती.

राणीचं पोट उघडावं लागलं. आतड्याचा काळा पडलेला तुकडाही काढावा लागला. ती वाचली. पण पहिल्याच दिवशी कळलं असतं, तर तोंडातून दुर्बीण घालून ते पॅड कदाचित जठरातूनच बाहेर काढता आलं असतं. भाचीला काय बोलणार? असल्या गोष्टींवर गप्प राहायला तिला आम्हीच शिकवलं होतं.

कुत्रं पाळणाऱ्यांना म्हणूनच कळकळीनं सांगते, जे गिळलं असेल ते लगेच आणि खरं सांगा. माणसाच्या अंगाचा वास ज्याला येतो ते कुत्र्याला हवंच असतं. मोजे, आतले कपडे, पॅड, कानात घालायचे बोळे. यात कुणाची अब्रू जात नाही. जनावरांचे डॉक्टर रोज हेच ऐकतात. आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या असोत की कुणाची लपवलेली तंबाखूची पुडी, तेही सांगा. घरातल्या प्रत्येकाला विचारा, कामाला येणाऱ्या मावशींना आणि मुलांनासुद्धा. मात्र रागावून विचाराल तर मुलं खरं सांगणार नाहीत.

फोनवर डॉक्टरांना काय गिळलं, किती, किती वाजता, कुत्र्याचं वजन किती आणि आत्ता ते काय करतंय, एवढं सांगा. जोडीतला दुसरा मोजा, फुटलेल्या खेळण्याचा उरलेला तुकडा, गोळ्यांचं रिकामं पाकीट बरोबर न्या. एक्स-रेमध्ये धातू आणि हाड दिसतं. कापड, प्लॅस्टिक बरेचदा नीट दिसत नाही, सोनोग्राफी लागते. काय शोधायचं हे आधी माहीत असलं की डॉक्टरांचा वेळ वाचतो.

आता घरगुती उपायांबद्दल. मिठाचं पाणी पाजू नका. शेजारीपाजारी, घरातली वडीलधारी माणसं हेच सुचवतील, मायेनंच सुचवतील, तरी नको. रक्तात मीठ वाढून कुत्र्याला झटके येतात, त्यानं जीवही जातो. एरंडेल नको, तेल नको. ओकताना ते फुप्फुसात उतरू शकतं, आणि आतडं तुंबलेलं असताना जुलाबाचं औषध देणं घातकच. घशात बोटं घालून उलटी काढू नका. टोकदार वस्तू वर येताना अन्ननलिका फाडते. अ‍ॅसिड किंवा रॉकेल पोटात गेलं असेल, तर उलटीनं दुप्पट इजा होते. उलटी काढायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील, आणि त्यासाठी साधारण 2 तासांच्या आत त्यांच्यापर्यंत पोचायला हवं. भूल द्यावी लागू शकते, म्हणून त्यांनी सांगितल्याशिवाय दूधभाकरीही घालू नका.

काही वस्तूंच्या बाबतीत 'बघू सकाळी' चालत नाही. रिमोटमधला किंवा खेळण्यातला बटनाएवढा चपटा सेल ओल्या अन्ननलिकेत अडकला की काही मिनिटांतच आतून भाजायला लागतो. एकाहून जास्त लोहचुंबक आतड्याच्या दोन वेढ्यांतून एकमेकांना ओढतात आणि मधलं आतडं चिरडतं. सुईदोरा, मांजा, साडीच्या फॉलची लांब पट्टी यांचं एक टोक कुठंतरी अडकतं, आणि आतडं नाडी ओढलेल्या परकरासारखं गोळा होतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका; ताणलेला दोरा आतडं कापत जातो. उंदराचं औषध, डांबरगोळ्या, माणसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या पोटात गेल्या असतील, तर लक्षणं दिसायची वाट बघू नका. दिसायला लागतात तोवर बराच उशीर झालेला असतो.

श्वासच अडकला असेल तर गोष्ट वेगळी. कुत्रं तोंडावर पंजे मारतं, जीभ निळी पडते. तेव्हा तोंड उघडा. वस्तू दिसत असेल आणि हाताला लागत असेल तरच काढा, आंधळेपणानं बोट खुपसलं तर ती आणखी आत जाते. जपून, घाबरलेलं कुत्रं चावतं. लहान कुत्र्याला मागचे पाय धरून डोकं खाली करा, मोठ्याचे मागचे पाय उचला, आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळव्यानं 4-5 थापा मारा. तेवढ्यानं नाही निघालं, तर मागून मिठी मारून बरगड्यांच्या खाली मूठ ठेवा आणि आत, पुढच्या बाजूला झटके द्या. वस्तू निघाली तरी दवाखाना चुकवू नका.

लहान, गुळगुळीत वस्तू पुष्कळदा शीतून निघून जाते आणि डॉक्टर "घरी लक्ष ठेवा" म्हणतात. म्हणजे प्रत्येक शी काडीनं उकलून पाहायची. पुन्हापुन्हा उलटी, खाण्यावरून उडालेलं मन, पोटाला हात लावू न देणं, पुढचे पाय पसरून मागचं अंग वर धरणं, कुंथूनही शी न होणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच घटकेला परत जा. आणि दोन दिवस बरं गेलं म्हणून विसरू नका. मोजा जठरात कित्येक आठवडे पडून राहू शकतो. आंब्याच्या दिवसांत कोयीचंही तसंच. कुत्रं चोखता चोखता ती गिळतं आणि ती आतड्यात बुचासारखी बसते. कोयी उघड्या बादलीत टाकू नका.

मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक असतं. पण तालुक्याच्या गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात सोनोग्राफी असेलच असं नाही. जवळ ती कुठं आहे, रात्री कुणाचं दार उघडतं, हे आजच विचारून ठेवा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा.

अजून एक. कुत्र्याच्या तोंडात नको ती वस्तू दिसली की आपण ओरडत त्याच्या मागे धावतो, आणि हिसकावून घेतील या भीतीनंच ते ती गिळून टाकतं. धावू नका. पोळीचा तुकडा, चिकनचा तुकडा, त्याला जे आवडतं ते पुढं करा. ते खायला तोंड उघडेल तेव्हा वस्तू खाली पडेल. राणीला आता "सोड" म्हटलं की ती सोडते. तिला शिकवलं भाचीनं, पुढच्या सुट्टीत आली तेव्हा.