वाचले आणि वाचलो

विद्यार्थ्यांना ‘वाचा, वाचा’ असे सांगण्यात माझी वीस वर्षे गेली. ती सवय एका खेळात भोवली.

आमचे चिरंजीव आणि त्यांचे मित्र ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ खेळतात. १९८१ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ. सूत्रधार भयकथा सांगतो. खेळणाऱ्यांनी तिच्यातले एकेक पात्र व्हायचे आणि फासे टाकीत निभावायचे. मी अर्थातच प्राध्यापक झालो! पडक्या घरात एक जुना ग्रंथ सापडला. “बाबा, नका उघडू,” चिरंजीव म्हणाले. मी वाचलाच. नियम असा, की त्या गूढविद्येचे जितके गुण पदरी पडतील, तितकी मनःस्वास्थ्याची कमाल मर्यादा ९९ वरून खाली उतरते.

चार बैठकांनंतर तळघरात ते अक्राळविक्राळ दर्शन घडले. माझे स्वास्थ्य आधीच खालावलेले. फासा उलटा पडला, भान सुटले, हातचा कंदील निसटला. आगीतून मी वाचलो. चिरंजीवांचा सहा महिने जपलेला वार्ताहर जळाला.

“पुन्हा डाव मांडू या की!” मी म्हणालो.

“बाबा, गेलेला परत येत नाही.”

त्या रात्री ते मुकाट्याने जेवले. ‘खेळच तो,’ हे शब्द माझ्या ओठांवर आले. पण म्हणवले नाहीत.