चार लाखांचे पाच लाख वीस हजार

गेल्या जूनमध्ये भिलाईच्या टाउनशिपमधून एक आई मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगी नीटला दोनदा बसलेली, गुण बरे, पण सरकारी जागेपर्यंत पोहोचणारे नव्हते. एका खासगी विद्यापीठात बी.एस्सी. बायोटेक्नॉलॉजीला प्रवेश मिळत होता. राहण्या-जेवणासह तीन वर्षांचा खर्च चार लाख, आणि बँक कर्ज द्यायला तयार होती. "मॅडम, हे शिकून हिला पगार किती मिळेल?" एवढंच त्यांना विचारायचं होतं. इतकी वर्षं जीवशास्त्र शिकवूनही मला नेमका आकडा सांगता आला नाही. हे मासिक वाचणारे आपण सगळे शिक्षक आहोत, आणि प्रवेशाच्या दिवसांत पालक बँकेच्याही आधी आपल्याकडे येतात. म्हणून हा विषय.

त्या दिवशी आम्ही वहीच्या पानावर हिशोब मांडला. व्याज 10 टक्के धरलं. चार लाख रुपये तीन समान भागांत, दर वर्षाच्या सुरुवातीला उचलायचे. शिक्षण चालू असेपर्यंत आणि त्यापुढे एक वर्ष हप्ता नसतो. घरच्यांना वाटतं, तोवर कर्ज झोपलेलं आहे. पण सरळ व्याज चढतच राहतं. चौथ्या वर्षाच्या अखेरीस ते 1 लाख 20 हजार होतं. म्हणजे पहिला हप्ता भरण्याआधीच चार लाखांचे 5 लाख 20 हजार झालेले असतात. दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता महिन्याला सुमारे 6,870 रुपये, आणि 120 हप्त्यांत सव्वाआठ लाखांच्या आसपास परतफेड.

आईंनी यात एक गोष्ट आणखी मांडली, जी मला सुचली नव्हती. सहकर्जदार म्हणून सही वडिलांची. ते आज 50 वर्षांचे. हप्ता सुरू होईल तेव्हा 54, संपेल तेव्हा 64. ते स्टील प्लांटमध्ये नोकरीला, तिथे निवृत्ती साठाव्या वर्षी. शेवटची चार वर्षं मुलीचा पगार अपुरा पडला, तर हप्ता पीएफच्या पैशांतून जाणार. नीटच्या शिकवणीचा खर्च तर यात धरलेलाच नाही. तो शैक्षणिक कर्जात बसत नाही. त्यासाठी आधीच पीएफमधून उचल झालेली असते किंवा सोनं गहाण पडलेलं असतं.

नुसत्या बी.एस्सी.वर मिळणारी कामं आपल्याला माहीत आहेत: औषध कंपनीत एमआर, खासगी शाळा, शिकवणी वर्गात शंका सोडवणारा शिक्षक, डीएमएलटी केलं असेल तर पॅथॉलॉजी लॅब. सुरुवातीचा पगार पंधरा हजार असेल, तर जवळपास निम्मा हप्त्यात जाईल. यात जीवशास्त्राचा काही दोष नाही. या विषयाची कमाई उशिरा सुरू होते, आणि कर्जाचा हप्ता मात्र वेळेवर येऊन उभा राहतो.

एम.एस्सी.नंतर सीएसआयआर-यूजीसी नेटमधून जेआरएफ मिळाली, तर 1 जानेवारी 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये आहेत, एसआरएफला 42,000, घरभाडे भत्ता वेगळा. संशोधनासाठी दूर जायलाच हवं असंही नाही. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयात भाताच्या 23 हजारांहून अधिक वाणांचा संग्रह आहे, भातशास्त्रज्ञ डॉ. रिछारियांनी गावोगाव फिरून ज्याचा पाया घातला तो. भिलाईहून तासाभराच्या अंतरावर एवढा खजिना असताना आपल्या किती विद्यार्थ्यांनी तो पाहिला आहे? व्याख्याता म्हणून राज्याच्या सेवेत लागलं, तर मूळ वेतन 38,100 पासून सुरू होतं; तिथेही एम.एस्सी. आणि बी.एड. दोन्ही लागतात.

शिक्षकीचा रस्ताही अखंड नाही, हे छत्तीसगडने नुकतंच पाहिलं. प्राथमिक शाळेसाठी बी.एड. चालणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये दिला आणि इथे नेमले गेलेले बी.एड.धारक सहायक शिक्षक घरी बसले. एप्रिल 2025 मध्ये मंत्रिमंडळाने त्यांतल्या 2,621 जणांना विज्ञान प्रयोगशाळेच्या पदांवर सामावून घ्यायचं ठरवलं. मधल्या महिन्यांत पगार थांबला, पण कोणत्या बँकेचा हप्ता थांबतो?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. साध्या बी.एस्सी.साठी कर्ज काढू देऊ नये. दुर्गला विश्वनाथ यादव तामस्करांच्या नावाचं शासकीय महाविद्यालय 1958 पासून उभं आहे. तिथली फी काही हजारांत भागते. कर्ज काढायचंच झालं तर ते पुढच्या पायरीसाठी राखावं, विद्यार्थ्याला आपला कल कळल्यावर. नर्सिंग किंवा बीएमएलटीसारख्या व्यावसायिक पदवीचं गणित वेगळं आहे. केंद्राच्या 2009 च्या व्याज अनुदान योजनेत साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना सवलत होती, पण तीही तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांपुरती. साध्या बी.एस्सी.च्या मुलांना त्यातून वगळलं, हा अन्यायच होता. नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मीत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना 3 टक्के व्याज सवलत आहे, मात्र संस्था त्या योजनेच्या यादीत असावी लागते. सही करण्याआधी ही यादी बघायला पालकांना सांगा.

पगाराच्या आकड्याचा प्रश्न तरीही उरतो. अमेरिकेत 2015 पासून सरकारच कॉलेजनिहाय कमाई आणि कर्ज जाहीर करतं, पुढे विषयनिहायही. आपल्याकडे एनआयआरएफसाठी महाविद्यालयं मध्यक (मीडियन) पगार कळवतात, पण तीन वर्षांच्या सगळ्या पदव्या एकाच रकान्यात, आणि तोही फक्त नोकरी लागलेल्यांचा. बी.कॉम. झालेला मुलगा आणि प्राणिशास्त्र शिकलेली मुलगी एकाच आकड्यात मिसळतात.

विषयनिहाय आकडे गोळा करण्याचं काम आपण करू शकतो. 2019 मध्ये बारावी झालेल्या आपल्या जीवशास्त्राच्या तुकडीला फोन लावा. नाव नको, कोणती पदवी, कर्ज किती काढलं, आज किती उरलं आणि महिन्याला हातात किती येतात, एवढंच लिहून पाठवा. नोकरी न लागलेल्यांचीही नोंद हवी, त्यांची तर आधी. पुढच्या अंकापासून यासाठी दोन पानं राखून ठेवली आहेत. पहिला तक्ता छापून आला की तो अंक त्या आईंना मी स्वतः नेऊन देणार आहे.