तयार कारागिराला अडवू नये

अमेरिकेतल्या बास्केटबॉलशी आपल्या बाजाराचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो मजुरीचा आहे.

तिथल्या मोठ्या महाविद्यालयांच्या सामन्यांना हजारोंची गर्दी होते, तिकिटे विकली जातात, टीव्हीवाले मोठी रक्कम मोजतात. खेळणाऱ्या मुलाला मात्र अनेक वर्षे फी, पुस्तके, राहणे आणि जेवण यापलीकडे फारसे काही घेता येत नव्हते. असा एखादा गुणी मुलगा शिक्षण अर्धे सोडून व्यावसायिक संघात निघाला की चाहते दुखावतात. आम्ही याला डोक्यावर घेतले आणि हा पैशामागे गेला, असे म्हणतात.

स्पेन्सर हेवूडची हकीकत आपल्या कापूसवाल्यांना जवळची वाटेल. मिसिसिपी राज्यातल्या सिल्व्हर सिटी गावचा हा मुलगा. वडील त्याच्या जन्माआधीच वारले. दहा मुलांची आई कापूस वेचून घर चालवी, मुलेही शेतात राबत. 1968 च्या ऑलिम्पिकमध्ये त्याने अमेरिकेला सुवर्णपदक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. डेट्रॉइट विद्यापीठाकडून एक हंगाम खेळून 1969 मध्ये तो व्यावसायिक झाला. पुढच्या वर्षी सिएटलच्या संघाने त्याला घेतले, तेव्हा एनबीएचा नियम आडवा आला. शाळा संपून चार वर्षे झाल्याखेरीज खेळता येणार नाही! प्रकरण कोर्टात असताना परक्या मैदानांवर त्याचे स्वागत शिव्यांनी होई. 1 मार्च 1971 रोजी सुप्रीम कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी त्याच्या खेळण्याची वाट मोकळी केली. ज्याची आई कापूस वेचते, त्याने प्रेक्षकांच्या हौसेखातर आणखी दोन वर्षे बिनपगारी खेळावे, हे कोणत्या तराजूत बसते?

चाहत्याचे नुकसान होते, हे खरे. पण ते एका हंगामाचे. खेळाडूचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर, आणि त्या भांडवलाचा भरवसा नसतो. मायकेल जॉर्डनने 1984 मध्ये तीन वर्षांनंतर नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ सोडले. त्याचे प्रशिक्षक डीन स्मिथ यांचा स्वतःच्या संघाचा तोटा होणार होता, तरी त्यांनीच त्याला जाण्याचा सल्ला दिला. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1985 मध्ये, जॉर्डनचा पाय मोडला आणि 64 सामने बुडाले. पण तेव्हा हाती करार होता. उरलेले शिक्षणही त्याने 1986 मध्ये पुरे केले. उस्ताद असावा तर असा.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. एनबीएच्या वार्षिक निवडीत दोन फेऱ्या मिळून साठच्या आसपासच मुले घेतली जातात. बाकीच्यांची पंचाईत होते. निवड झालेल्यालाही कागद नीट वाचावा लागतो. हेवूडच्या डेन्व्हरमधल्या करारात आकडा मोठा होता, पण बरीच रक्कम पुष्कळ वर्षांनी हाती येणार होती. म्हणून मुलाला सावध जरूर करावे. सावध करणे वेगळे आणि बेइमान म्हणणे वेगळे.

आता तिथले चित्र बदलले आहे. जुलै 2021 पासून महाविद्यालयीन खेळाडूंना जाहिरातींचे पैसे घेता येतात. जून 2025 मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर महाविद्यालयेही त्यांना थेट मोबदला देऊ शकतात. त्यामुळे काही मुले थांबणे पसंत करतात. थांबणाऱ्याचा निर्णयही त्याचाच. मेहनताना मिळू लागला की माणूस आपणहून टिकतो, हे यातून दिसते.

आपल्याकडे यंत्रमागाचा जॉबर किंवा शिवणकामाचा कटर तयार झाला आणि दुसरीकडे निघाला की मालक उपकारांचा पाढा वाचतो, बाकी मजुरी अडकवतो, बाजारात नाव खराब करतो. आम्ही हुनर शिकवले, हे खरे. पण शिकण्याच्या काळात त्याने कमी मजुरीत काम केले, ती रक्कमही खात्यावर मांडली पाहिजे. मांडली तर बहुतेक वेळा देणे मालकाकडेच निघेल.

व्यापारी बांधवांनी एवढे करावे. जाणाऱ्याचा हिशोब त्याच दिवशी चुकता करावा, त्याच्या कामाबद्दल कोणी विचारले तर खरे सांगावे, आणि दुवा देऊन निरोप द्यावा. उद्या तोच आपले गिऱ्हाईक होऊन येईल.