डीएनएवरून जिवाणू ओळखता येतात, मग ते जिवंत कशाला जपायचे?

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि त्याचे फोटो राज्यभर व्हायरल झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाणी तपासलं, तेव्हा हा रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा असल्याचं समोर आलं. मग पृथ्वीवर सूक्ष्मजीवांच्या प्रजाती आहेत तरी किती?

अंदाजांत मोठी तफावत

२०१६ मधील एका अभ्यासानुसार सगळे सूक्ष्मजीव मिळून हा आकडा १ लाख कोटींपर्यंत जातो. २०१९ मधील दुसऱ्या अभ्यासानं जिवाणू आणि आर्किया यांच्या प्रजाती ८ ते १६ लाखांच्या आसपास धरल्या. रीतसर नाव मिळालेल्या प्रजाती मात्र अजून हजारांच्याच घरात आहेत.

वाद नेमका कशाचा?

बहुतेक जिवाणू प्रयोगशाळेत वाढतच नाहीत. जुना नियम सांगतो, की नाव हवं असेल तर शुद्ध कल्चर किमान दोन देशांतील संग्रहांत जमा करा. २०२२ मध्ये आलेल्या 'सीक्वकोड'नुसार डीएनएचा क्रमही पुरेसा ठरतो. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या चर्चेत म्हणूनच एक प्रश्न येतो: सगळं कॉम्प्युटरवर मिळत असेल, तर महिनोनमहिने पेट्री डिशपुढे का बसायचं?

उत्तर एका विद्यार्थ्याच्या कामात

१९६६ मध्ये थॉमस ब्रॉक आणि त्यांचा पदवीचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी अमेरिकेतील यलोस्टोनच्या गरम झऱ्यातून एक जिवाणू वाढवला. 'थर्मस अ‍ॅक्वाटिकस' असं त्याचं नाव. तेव्हा त्याचा काही उपयोग दिसत नव्हता, तरी त्यांनी कल्चर संग्रहात ठेवलं. पुढे १९८०च्या दशकात त्याच जिवाणूतील उष्णता सोसणाऱ्या एन्झाइममुळे पीसीआर तंत्र सोपं झालं. कोरोनाकाळात घरोघरी माहीत झालेली आरटी-पीसीआर चाचणी याच तंत्रावर उभी आहे.

डीएनएच्या यादीतून कोण आहे ते कळतं. तो काय करू शकतो, हे खात्रीनं पाहायला जिवंत जीव हाताशी लागतो. नव्या पद्धतीनं नावं जरूर द्यावीत, पण कल्चर वाढवण्याचं कौशल्य मागे पडता कामा नये.

पुण्यात राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र आहे. विद्यापीठांनी प्रबंधासोबत कल्चर जमा करण्यालाही गुण द्यावेत. नाहीतर लोणारच्या पाण्यातलं उद्याचं औषध फाइलमध्ये राहील, बाटलीत येणार नाही.