पुढे काय?

गणपतीत नवी मुंबईत, आमच्या बोनकोड्यातल्या घरी शाळेतले मित्र येतात. आरती होते, मोदक संपतात आणि गप्पा बढती, परदेश, नवं घर यांवर येतात. एक जण ऐरोलीच्या आयटी पार्कात तीस जणांची टीम सांभाळतो. दुसरा टोरंटोहून व्हिडिओ कॉलवर दर्शन घेतो. एका मैत्रिणीनं चाळिशीआधीच स्वतःचं हॉस्पिटल काढलं. मग कुणीतरी मायेनंच विचारतं, "आणि तुझं रे? पुढे काय?"

मी टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यात हिशेब बघतो. गेल्या वर्षी पुण्यातलं मोठं पद देऊ केलं होतं, मी नको म्हणालो. साडेसहाला घरी येतो. गल्लीतली पाच-सहा पोरं गणिताची वही घेऊन बसलेली असतात. जेवण झालं की आईला हात धरून फेरी मारून आणतो. हे दिवस मला मनापासून आवडतात. तरी मित्र गेले की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. 'अल्पसंतुष्ट' असं तोंडावर कुणी म्हणत नाही, पण तो शब्द मागे राहतो.

यंदा त्या जागरणात वाटलं, समाधान हा माझा निव्वळ स्वभाव नाही. १९७० मध्ये शहर वसवणारं सरकारी महामंडळ सिडको आलं आणि नव्या शहरासाठी आगरी-कोळ्यांच्या जमिनी गेल्या. आमची भातशेतीही गेली. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातून पुढे, गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देणारी योजना आली. आमच्या वाट्याच्या भूखंडावर हे घर उभं आहे, वरच्या खोल्यांचं भाडं येतं. म्हणून मला पुण्याला नाही म्हणता आलं.

ऐरोलीवाल्या मित्राचे वडील साताऱ्याकडून आलेले माथाडी. वाशीच्या बाजारात त्यांनी आयुष्यभर पाठीवर गोणी वाहिल्या. कोपरखैरण्याच्या लहानशा घरात सगळे झोपल्यावर हा दिव्याखाली अभ्यास करायचा. त्याच्या धावण्याला मी इतकी वर्षं हव्यास समजत होतो. त्याला थांबणं परवडणारं नव्हतं, एवढंच. मला परवडलं, कारण माझ्यासाठी आधीच कुणीतरी झगडलं होतं.

हे कळल्यावर त्याच्याविषयीची असूया गेली आणि माझी शरमही. उरलं ते देणं. माझ्याकडे येणारी पोरं भाडेकरूंची आहेत. त्यांच्या नावावर ना शेत, ना भूखंड. त्यांना धावावंच लागणार आहे. माझ्या संध्याकाळी मोकळ्या आहेत, ही मला वारशानं मिळालेली जमीन. ती पडीक ठेवायची नाही.

पुढच्या गणपतीत कुणी विचारलं, "पुढे काय?", तर माझ्याकडे खरं उत्तर आहे. उद्या अपूर्णांकांचा भागाकार घ्यायचाय. दोघींना अजून जमत नाही.