कारकुनाच्या कमरेच्या किल्ल्या

आम्ही हाडाचे कारकून. कागद मागायला बाहेरचा माणूस आला की आमची रीत ठरलेली. अर्ज घ्यायचा, त्याचा हक्क पाहायचा आणि तेवढाच कागद काढून द्यायचा. कपाटाची किल्ली मात्र कोणाच्या हाती द्यायची नाही.

ही रीत आठवण्याचे कारण म्हणजे आमच्या वस्तीतला एक मुलगा. तो एका पतसंस्थेचा संगणक पाहतो. सभासदांची यादी ‘मायएसक्यूएल’ डेटाबेसमध्ये चढेना, म्हणून वैतागून त्याने दोन गोष्टी केल्या. नोंदी करणाऱ्या रोजंदारीच्या खात्याला सर्व डेटाबेसवर सर्व परवानग्या दिल्या आणि ‘सिक्युअर फाईल प्रिव्ह’ ही सेटिंग रिकामी केली. यादी चढली. तो आम्हाला म्हणाला, “काका, यात बिघडलं काय?”

बिघडले ते असे. डेटाबेस हा सर्व्हरवर बसलेला कारकूनच. त्या सर्व परवानग्यांत ‘फाईल’ नावाची एक परवानगी आपोआप येते. ती असलेल्या माणसाने सर्व्हरवरची फाईल मागितली, की डेटाबेस ती स्वतःच्या किल्लीने उघडतो. मागणाऱ्याचा त्या फाईलीवर हक्क आहे का, हे तो पाहत नाही. त्यामुळे ज्या तक्त्यांना हात लावायची मनाई, त्यांच्याही फाईली वाचता येतात. नवी फाईल लिहिताही येते. वेबसाईटच्या फोल्डरमध्ये डेटाबेसला लिहायची मुभा असेल, तर तिथे आपला प्रोग्रॅम ठेवून सर्व्हरवर हुकूम चालवता येतो. त्यासाठी नोंदी करणारा अप्रामाणिकच असावा लागतो असेही नाही. त्याचा पासवर्ड चोराच्या हाती लागला तरी पुरे.

‘पोस्टग्रेस’ या दुसऱ्या डेटाबेसमध्ये तर २०१३ च्या ९.३ आवृत्तीपासून ‘कॉपी’ आज्ञेने सर्व्हरवरचे प्रोग्रॅमही चालवता येतात. २०१८ च्या ११ व्या आवृत्तीत फाईल वाचणे, लिहिणे आणि प्रोग्रॅम चालवणे असे तीन अधिकार वेगळे देण्याची सोय झाली. पण ते मिळालेला माणूस मुख्य अधिकाऱ्याची सत्ताही मिळवू शकतो, असा इशारा त्याच्या माहितीपुस्तिकेतच आहे.

उपाय साधा आहे. नोंदी करणाऱ्याला त्याच्या कामाच्या तक्त्यांपुरती परवानगी द्यावी. ‘फाईल’ परवानगी काढून घ्यावी. त्या सेटिंगमध्ये एकच वेगळे फोल्डर नेमावे, म्हणजे डेटाबेस त्याबाहेर जात नाही. फाईलींचे काम नसेल तर तिथे ‘नल’ लिहावे, दारच बंद होते. रिकामी ठेवली तर बंधनच उरत नाही. याद्या चढवायचे काम एका जबाबदार माणसाने करावे.

मुलाने त्याच रात्री दोन्ही चुका दुरुस्त केल्या. पतसंस्थेत धुणीभांडी करणाऱ्या आयाबायांची पै-पै आहे, त्यांचे पत्ते आहेत, सह्या आहेत. तुमचा मुलगा, तुमची मुलगी असे काम करीत असेल, तर आज जेवताना एवढेच विचारा : ‘फाईल’ परवानगी कोणाकोणाकडे आहे?