सोडतीनं दिलेलं उत्तर

परदेशातून सुटीत गावी जाऊन आलेल्यांच्या बोलण्यात एक वाक्य हमखास येतं: झेडपीच्या शाळेत आता काही राहिलं नाही, ऐपत असलेला प्रत्येक जण मुलाला इंग्रजी शाळेत घालतो. पुरावाही हाताशी असतो. 'प्रथम' संस्थेचा 'असर' अहवाल २००५पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासतो, आणि देशभराच्या सरासरीत खाजगी शाळांतली मुलं वाचनात पुढे दिसतात. आकडा खरा आहे. त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मला पटत नाही. फी भरू शकणाऱ्या घरात आई बहुधा शिकलेली असते, शिकवणी परवडते, आणि दिवाळीनंतर मुलाला आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जावं लागत नाही. ही मुलं शाळेच्या पहिल्या दिवशीच पुढे असतात. वर्षअखेरीच्या गुणांत घरची शिदोरी किती आणि शाळेची भर किती, हे वेगळं केल्याशिवाय शाळेबद्दल काहीच कळत नाही.

ते वेगळं करण्याचा एक मोठा प्रयत्न अविभाजित आंध्र प्रदेशात झाला. २००८मध्ये १८० गावांत सरकारी शाळांतल्या मुलांच्या पालकांकडून अर्ज मागवले, आणि सोडत काढून काहींना खाजगी शाळेची फी देणारी शिष्यवृत्ती दिली. नंबर लागलेली आणि न लागलेली मुलं सारख्याच घरांतली होती, त्यामुळे पुढे जो फरक पडेल तो शाळेचाच. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी २०१५मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांत फरक नव्हता. हिंदीत खाजगी शाळांतली मुलं पुढे गेली, कारण तिथे हिंदीला वेळ होता आणि सरकारी प्राथमिक शाळांत ती जवळपास शिकवलीच जात नव्हती.

यावर चोख आक्षेप येईल: याच अभ्यासात खाजगी शाळांचा दर विद्यार्थी खर्च सरकारी शाळांच्या एक तृतीयांशाहून कमी निघाला, तेलुगू-गणिताला त्यांनी वेळही कमी दिला आणि तरी निकाल तेवढाच, मग श्रेष्ठ कोण? हा आक्षेप मी टाळणार नाही. त्या शाळांत शिक्षकांची गैरहजेरीही कमी होती, आणि सरकारी व्यवस्थेनं याचं उत्तर द्यायलाच हवं. पण ती स्वस्ताई मुख्यतः पगारातून येते: तिथल्या शिक्षकाला सरकारी शिक्षकाच्या एक षष्ठांशाहूनही कमी वेतन होतं. अशा तुटपुंज्या पगारावर एका राज्याचं शिक्षण कायमचं उभं करावं का, हा प्रश्न गुणवत्तेच्या तुलनेनं सुटत नाही. शिवाय कमी खर्चात तेवढंच शिकवणं वेगळं आणि जास्त शिकवणं वेगळं. पालक फी भरतात ती दुसऱ्या गोष्टीच्या आशेनं.

इंग्रजीचं काय, असं कुणीही विचारेल. परदेशात राहून इंग्रजीचं मोल नाकारणं अप्रामाणिकपणाचं ठरेल, आणि पालकांची ओढ वेडेपणाची नाही. मात्र इंग्रजीचा विषय शिकणं आणि घरी न ऐकलेल्या भाषेत परिसर अभ्यास शिकणं यांत फार अंतर आहे. महाराष्ट्रात सेमी इंग्रजीची वाट म्हणूनच मला शहाणपणाची वाटते, आणि ती जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांनी धरली आहे. सरकारी आणि खाजगी ही भिंतसुद्धा आपल्याकडे कुठे सरळ आहे? कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था खाजगी, पण तिच्या अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचा पगार सरकारी तिजोरीतून येतो. रणजितसिंह डिसले यांना २०२०मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेत शिकवत होते. एका शिक्षकावरून सगळी व्यवस्था सुधारली असं मी म्हणणार नाही, पण पाटी पाहून शाळेची पारख होत नाही एवढं त्यातून दिसतं.

म्हणून इथली मराठी मंडळं गावच्या शाळांसाठी निधी जमवतात, तेव्हा इमारतीचा फोटो किंवा शाळेचं माध्यम पाहून ठरवू नये असं माझं आग्रहाचं म्हणणं आहे. तिसरीतल्या किती मुलांना दुसरीचा धडा वाचता येतो, गेल्या वर्षी किती जणांना येत होता, ऊसतोडीला किती मुलं गेली, आणि मतदारयाद्या, सर्वेक्षणं यांत शिक्षकांचे किती दिवस खर्ची पडले, हे आधी मुख्याध्यापकांना विचारावं.